ट्रॉल्यांवर नुसता स्प्रे मारून भागत नाही

ताई, विश्रामबागेत मार्ट टाकताय आणि विचारलंय की रोज सकाळी ट्रॉल्यांवर सॅनिटायझरचा स्प्रे मारला तर चालेल का, का मोठं फवारणीचं मशीन घ्यावं. दोन्ही नको, स्पष्टच सांगतो. सांगलीतल्याच एका मार्टात हाऊसकीपिंग बघतो मी. मळ असला की औषध त्या मळावरच खर्ची पडतं, खाली जंतूंपर्यंत पोचतच नाही, म्हणून आधी घासून धुवायचं आणि मगच औषध.

आपल्याकडचा मळ पण साधा नसतो बघा. सुट्टा गूळ, फुटकी तेलाची पिशवी आणि हळद तर हायच. हँडलवर जिथं कंपनीचं नाव उठवलेलं असतं त्या बारीक खाचांत गुळाचा चिकटा बसतो, त्यावर हळद बसते, आणि नवीन पोरगं कपड्याच्या पावडरीचं पाणी लावतं तेव्हा तिथं लालभडक होतं, मग ते घाबरतं की रंग सुटला. रंग नाही तो, पावडरीतल्या सोड्यानं हळद लाल होते. लाल निघतंय तोवर जुन्या टूथब्रशनं घासत राहायचं, मळ निघाला का नाही हे कळायला याच्याइतकी सोपी खूण नाही.

मग साध्या पाण्यानं पुसून हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारायचं औषध. बाटलीवर ५ टक्के असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली, म्हणजे ०.१ टक्का होतं. रोज ताजं करायचं, कालचं उरलेलं नको. हातमोजे घालून फडक्यानं लावा आणि १० मिनिटं ओलं राहू द्या, हे काम सावलीत करा कारण एप्रिल-मेच्या उन्हात लावल्या लावल्या सुकतं आणि मग लावून न लावल्यासारखंच. शेवटी परत साधं पाणी आणि कोरडं फडकं, नाहीतर लोखंडाला गंज धरतो. २०१९ च्या महापुरानंतर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर घराघरात माहीत झाली, पण ट्रॉलीला ती नको, चुन्याचा पांढरा थर राहतो. आणि हायपोत संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळू देऊ नका, क्लोरीन वायू निघतो, पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

सगळ्यात जास्त जीव लावा तो लहान मुलांच्या सीटवर. मुलं तिथं हँडल चोखतात, चपला घासतात, आणि त्याच सीटवर लोक चिकनचं पाकीट ठेवतात. अमेरिकेत २००६ साली वर्षाच्या आतल्या बाळांमधल्या साल्मोनेलाचा अभ्यास छापून आला, त्यात ट्रॉलीत कच्च्या मटण-चिकनशेजारी बसवणं हे एक कारण म्हणून पुढं आलं होतं. तेव्हा फ्रीजरशेजारीच जादा पिशव्यांचा रोल लटकवा, चिकन वेगळ्या पिशवीत बांधूनच ट्रॉलीत जाऊ द्या. सीट आणि हँडल रोज दोनदा, गर्दीच्या दिवशी जास्त वेळा. जाळी आठवड्यातनं एकदा धुतली तरी चालते, चाकातले केस-दोरे तेव्हाच काढा.

मशीनच्या फवाऱ्यानं वरवर थेंब पडतात, सीटच्या फ्लॅपखाली कोरडंच राहतं. ते पैसे एका माणसाच्या रोजच्या तासाभराच्या पगाराला लावा.