आरव्हीनं लाल कातळांच्या मुलखात: वाचकांच्या शंका

मुलांना सुटी लागली आणि भारतातून आजी-आजोबा आले की आरव्हीनं, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीनं, अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोनाचे बेत ठरतात, आणि माझ्याकडे दरवर्षी तेच प्रश्न येतात. त्यातले काही इथे घेतो.

आरव्ही चालवायला वेगळा परवाना लागतो का?

भाड्यानं मिळणाऱ्या नेहमीच्या आरव्हीला नाही. भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर कंपनीला आधी विचारा.

कंपनी 'फुल कव्हर' म्हणते. आणखी विमा घ्यावा का?

'फुल' या शब्दावर जाऊ नका. छत, बाहेरची कनात आणि कच्चा रस्ता बहुतेक वेळा त्यातून वगळलेले असतात. पहिल्याच सहलीत माझ्या गाडीचं छत फांदीला घासलं, तेव्हा बारीक अक्षरातलं ते कलम मला दाखवण्यात आलं. काय वगळलं आहे ते लेखी मागा. मैलांचा आणि जनरेटरच्या तासांचा आकारही तेव्हाच विचारा.

युटातल्या झायन नॅशनल पार्कच्या बोगद्यातून 15 डॉलर भरून आरव्ही नेता येते, असं मित्र म्हणतो.

मित्राची माहिती जुनी आहे. बोगदा 1930 सालचा, छत कमानीचं. 11 फूट 4 इंचांहून उंच किंवा 7 फूट 10 इंचांहून रुंद गाडी मधोमधच न्यावी लागते. 2026 पासून मोठ्या गाड्यांना वळसा घालायला लावायचं, असं पार्कनं ठरवलं आहे. गाडी मोजा, मग पार्ककडे चौकशी करा.

आम्ही जुलैअखेर जातोय. आकाश निरभ्र असेल तर मुलांना एखाद्या अरुंद घळीत स्वतःच न्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. आणि हे 'निरभ्र आकाश' प्रत्येक पत्रात असतं, म्हणून सविस्तर सांगतो.

पावसाळ्यात सांदण दरीत उतरू नये, हे आपल्याला कळतं, कारण तिथे पाऊस डोक्यावरच पडत असतो. इथे तो दुसरीकडे पडतो. 12 ऑगस्ट 1997 ला ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत 11 पर्यटक वाहून गेले. वादळ घळीच्या वरच्या अंगाला, कित्येक मैल दूर झालं होतं. उघडा कातळ आणि टणक माती पाणी पीत नाही. सगळे ओहोळ एकाच घळीकडे धावतात आणि दोन हात रुंदीच्या फटीत पाण्याला वर चढण्यावाचून जागा नसते. 2015 च्या सप्टेंबरमध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सातजण असेच पुरात दगावले.

अशा घळीत वर बघा. दोन भिंतींमध्ये अख्खा ओंडका आडवा अडकलेला दिसतो, साल सोललेली, फटींत काटक्या आणि सुकलेला गाळ. तो तिथे पाण्यानं नेऊन ठेवलेला असतो. तुमच्या डोक्यापासून त्याच्यापर्यंतचं अंतर मुलांना दाखवा.

तेव्हा त्या दिवशी सकाळी रेंजरला, म्हणजे पार्कच्या अधिकाऱ्याला भेटा. झायनमध्ये पुराचा अंदाज रोज चार पातळ्यांत देतात. 'शक्य' एवढंच लिहिलं असलं तरी मुलांना घेऊन उतरू नका. घळीत असताना पाणी गढूळलं, काटक्या वाहत आल्या किंवा घरघर ऐकू आली, तर सामान टाका आणि उंचावर चढा. फोटो काढत थांबू नका. कोरड्या ओढ्याच्या पात्रात आरव्ही मुक्कामाला तर कधीच लावू नका, जागा कितीही सपाट आणि फुकट असली तरी.

फोनवरची वेळ सारखी बदलते. टूर चुकेल का?

चुकू शकते. उन्हाळ्यात युटा आणि नवाहो नेशन (नवाहो आदिवासींचा स्वशासित प्रदेश) इथली घड्याळं एक तास पुढे असतात, उरलेल्या ॲरिझोनाची नसतात. बुकिंग कोणत्या वेळेनुसार आहे ते टूरवाल्यांनाच विचारा.

बाबा 68 वर्षांचे, मधुमेह आणि बीपी. ग्रँड कॅन्यनमध्ये थोडं खाली उतरले तर?

त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिणेकडचा कडा, सुमारे 7,000 फुटांवर आहे, खाली उतरावं तसा उकाडा वाढतो, आणि थकलेल्या पायांनी चढायचं असतं ते परतताना. उन्हाळ्यात 10 ते 4 उतरू नये, असं पार्कच सांगतं. नुसतं पाणी पीत राहिल्यानंही शरीरातलं मीठ उतरतं. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाणी आणि मीठ किती घ्यायचं, हे डॉक्टरच सांगतील. इन्सुलिन फ्रिजमध्ये, डॅशबोर्डवर नाही.

रात्री एसीसाठी जनरेटर चालू ठेवून झोपावं का?

नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर वास येत नाही. गाडी ताब्यात घेतानाच अलार्मचं बटण दाबून बघा. वाजला नाही, तर गाडी घेऊ नका.