एवढासा लाल विंचू एवढा जहाल कसा?

प्रश्न : वावरात पऱ्हाट्यांचा ढीग उचलताना सासऱ्यांना भलामोठा काळा विंचू चावला. गावातल्या बाबांनी मंत्र टाकून उतरवला, संध्याकाळी सासरे ओट्यावर चहा घेत बसले होते. पुढं शेजारच्या पोराला कवेलू फेरताना बोटाएवढा लाल विंचू चावला. बाबा तेच, मंत्रही तोच. पण पोराला ओकाऱ्या, दरदरून घाम, शेवटी यवतमाळला न्यावं लागलं. वाचला. मंत्र चुकला का?
– एक वाचक भगिनी, ता. दारव्हा

उत्तर : ताई, पोरगा वाचला, फार बरं झालं. मंत्र चुकला नाही. सासऱ्यांचा विंचू मंत्राविनाही उतरलाच असता.

मी प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत काळा विंचू होता. झुरळ सोडलं की तो पुढच्या चिमट्यासारख्या जाडजूड नांग्यांनीच ते दाबून फोडायचा, शेपटी उचलायचासुद्धा नाही. अंगात बळ आहे, विष कशाला खर्ची घालील? विष तयार करायला त्यालाही अन्न लागतं. लाल विंचवाच्या नांग्या मात्र काडीसारख्या. त्यात तडफडणारा रातकिडा धरून ठेवणं अवघड, म्हणून शेपटी डोक्यावरून पुढं येते आणि काटा मऊ सांध्यात रुततो. पाय थरथरतात, मग किडा लुळा पडतो. विंचू त्यावर पाचकरस सोडून पातळ झालेलं शोषून घेतो. नांग्या बारीक आणि शेपूट जाड दिसली, तर जपूनच राहा.

विष म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे, त्यात अनेक प्रथिनं असतात. काही फक्त किड्यांच्या नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर चालतात, काही माणसासारख्या सस्तन प्राण्यांवर. नसांच्या पेशींना सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. ती उघडतात आणि लगेच मिटतात. लाल विंचवाचं विष ती मिटूच देत नाही. नसा थांबेनात, अंगात अॅड्रिनलिनचा, म्हणजे घाबरल्यावर सुटणाऱ्या संप्रेरकाचा लोंढा येतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरू शकतं. लहान मुलांना धोका जास्त, कारण तेवढंच विष लहान अंगात पसरतं.

आपल्या महाराष्ट्रानं यात मोठं काम केलंय. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या रुग्णांना प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन कितीतरी जीव वाचवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लसही दिली, तर रुग्ण लवकर सावरतो.

तेव्हा बाबांकडं जायचंच असेल तर दवाखान्यातून आल्यावर जा. चावलेली जागा कापू नका, करकचून बांधू नका. दुखणं कमी वाटलं तरी घाम, ओकारी किंवा गार हातपाय दिसले, की रात्र असो वा पाऊस, गाडी काढा. आणि विंचवाचा रंग, नांग्या पाहिल्या असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा.