फुली डिफरन्शियल अँप्लिफायरवर (एफडीए, म्हणजे एकमेकांच्या उलट चालणारी दोन आउटपुट देणारी चिप) ४० किलोहर्ट्झचा बँडपास फिल्टर (त्याच फ्रिक्वेन्सीच्या आसपासचं पुढे सोडणारा): सिम्युलेशनमध्ये नीट येतो, बोर्डवर सिग्नल निम्माही उरत नाही. अजून वेगवान चिप घेऊ का?

चिप आहे तीच राहू द्या, क्यू (फिल्टर किती अरुंद पट्टा निवडतो त्याचा आकडा) कमी करा. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी मोजायला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावताय आणि क्यू २० धरलाय असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते घोळ तिथेच आहे.

तुमचे कपॅसिटर ५ टक्के टॉलरन्सचे असतील आणि सगळे एकाच दिशेला चुकले, तर मधली फ्रिक्वेन्सी ५ टक्के, म्हणजे २ किलोहर्ट्झ सरकते. क्यू २० असताना फिल्टरची सगळी रुंदीच २ किलोहर्ट्झ. म्हणजे ४० किलोहर्ट्झला मधल्या गेनच्या जेमतेम ४५ टक्के हाती लागतात. क्यू ५ असता तर तेवढीच चूक होऊनही ८९ टक्के मिळाले असते. सिम्युलेशनमध्ये टॉलरन्स घातलाच नसेल, तर तिथे हे दिसणार कसं?

दुसरं, जास्त क्यूचा फिल्टर वाजत राहतो. क्यू २० ला टाइम कॉन्स्टंट (हे वाजणं किती वेळात विरतं त्याचं माप) साधारण १६० मायक्रोसेकंद येतो. जाऊन-येऊन धरलं तर तेवढ्या वेळात आवाज पावणेतीन सेंटिमीटर अंतर मोजतो, म्हणजे एक इंचाहून थोडं जास्तच. पुराच्या दिवसांत सांगलीकर ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका अशी पातळी फूट-इंचांत विचारतात. तिथे एको (पाण्यावरून परत येणारा आवाज) नेमका कधी सुरू झाला हेच पुसट होऊन चालणार नाही. क्यू ५ ला हे पाऊण सेंटिमीटरच्या आत येतं. शेजारचा नॉइज जास्त कापायचा असेल तर कमी क्यूच्या दोन स्टेज लावा.

आता डिझाइन. मल्टिपल फीडबॅक सर्किट घ्या आणि एफडीए आहे हे विसरून अर्धंच सर्किट सोडवा, साध्या ऑप-अँपसारखं. दोन्ही कपॅसिटर १ नॅनोफॅरड. फीडबॅकचा आर३ म्हणजे क्यू भागिले (पाय × फ्रिक्वेन्सी × सी), तो क्यू ५ धरून ३९.८ किलोओहम येतो, बाजारात ४०.२ मिळतो. गेन आर३ भागिले दोन आर१ असतो, म्हणून ४ च्या गेनसाठी इनपुटचा आर१ ४.९९ किलोओहम. ग्राउंडला जाणारा आर२ ४३३ ओहम. हे अर्धं सर्किट आरशात उलटं करून शेजारी मांडलं की दोन्हीकडचे आर२ मिळून मध्ये एकच ८६६ ओहमचा रेझिस्टर राहतो. या किमतींनी मधली फ्रिक्वेन्सी ३९.८ किलोहर्ट्झच्या आसपास आणि क्यू जवळजवळ ५ मिळतो. मात्र लांब केबलवरून कॉमन मोड नॉइज (दोन्ही तारांवर सारखाच येणारा) येत असेल, तर तो एक रेझिस्टर न लावता ४३२ ओहमचे दोन ठेवा आणि त्यांच्या मधल्या जोडातून कपॅसिटर ग्राउंडला न्या. आमच्या कुपवाड एमआयडीसीत व्हीएफडीवरच्या (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरच्या) मोटरींशेजारी सेन्सर बसवताना मी हीच पद्धत वापरतो.

चिपचा वेग कुठे लागतो तेही बघा. या सर्किटचा नॉइज गेन (चिपला स्वतःला द्यावा लागणारा गेन) मधल्या फ्रिक्वेन्सीला १ अधिक दोन क्यू वर्ग असतो. क्यू ५ ला ५१, क्यू २० ला ८०१. तुमच्या एफडीएचं गेन-बँडविड्थ १०० मेगाहर्ट्झ धरलं तर ४० किलोहर्ट्झला ओपन लूप गेन (फीडबॅकशिवायचा) २५००, म्हणजे क्यू ५ ला जवळजवळ ५० पट लूप गेन शिल्लक, क्यू २० ला फक्त तिप्पट. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वरच्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही कपॅसिटर शॉर्ट झाल्यासारखे वागतात आणि नॉइज गेन १ वर येतो, म्हणून चिप युनिटी गेनला स्टेबल हवीच. नाहीतर ऑसिलेट होणारच.

खरी मेहनत दोन्ही बाजू सारख्या ठेवण्यात आहे. रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घ्या. कपॅसिटर एलसीआर मीटरवर मोजून जोड्या लावा. आकडा १ नॅनोफॅरडपेक्षा जरा इकडेतिकडे असला तरी चालेल, दोघं एकमेकांसारखे हवेत, कारण जेवढी विषमता तेवढा कॉमन मोड नॉइज डिफरन्शियल होऊन आत शिरतो. सेन्सर थेट आर१ ला जोडू नका, मध्ये प्रीअँप ठेवा. तो सिंगल एंडेड (एकाच तारेवर सिग्नल देणारा) असेल, तर मोकळ्या राहिलेल्या आर१ लाही तेवढाच सोर्स इम्पीडन्स लावून तो ग्राउंड करा. व्हीओसीएम पिन (आउटपुटची मधली पातळी ठरवणारी) एडीसीच्या, म्हणजे सिग्नलचं डिजिटल करणाऱ्या चिपच्या, कॉमन मोड व्होल्टेजला जोडा आणि तिथे ०.१ मायक्रोफॅरड द्या.

तपासताना स्कोपचे दोन प्रोब दोन आउटपुटवर ठेवून मॅथमध्ये वजाबाकी लावा. प्रोबची ग्राउंड क्लिप एका आउटपुटला अडकवाल तर ते आउटपुट शॉर्ट होईल. आणि आज लावलेले सिरॅमिक कपॅसिटर एक्स७आर प्रकारचे असतील तर बाकी काही करण्याआधी ते काढून सीझिरोजी प्रकारचे लावा. एक्स७आर तापमानानं आणि व्होल्टेजनं बदलतात, नदीकाठच्या उन्हात त्यांच्यावर फिल्टर उभा राहणार नाही.