ग्रामपंचायतीचे मेंबर निवडून आल्यावर खरंच गावाचं काम करतात का?

तुम्ही विचारलंय की मेंबर निवडून आले की तोंड दाखवत नाहीत, सगळं सरपंच आणि सचिवच ठरवतात, मग मेंबरला मत देऊन उपयोग काय? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. आमची ग्रामपंचायत सात मेंबरची आहे, कायद्याने त्याहून कमी नसतात आणि सतरापेक्षा जास्त नसतात. माझ्या अनुभवाने सांगतो, उपयोग होतो. मात्र मेंबर मेंबरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आमच्या वॉर्डातून आधी जे होते ते प्रचारात दिसले आणि मग पाच वर्षं झेंडावंदनाला. त्यांच्यानंतर जागा महिलांसाठी राखीव झाली आणि आमच्या गल्लीतल्या एक काकू निवडून आल्या. काकू दुसऱ्याच्या शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला, मजुरीने जातात. मिटिंगच्या दिवशी त्यांना रोज पाडावा लागतो, आणि भत्त्यात तो रोज भरून निघत नाही. सुरुवातीला लोक कामं घेऊन त्यांच्या नवऱ्याकडेच जायचे. काकाही मिटिंगला जायला तयार होते. दोन महिन्यांनी काकूच म्हणाल्या, "सही माही हाये, तं बसन बी मीच."

आमच्या टोलीला, म्हणजे आमच्या वस्तीला, उन्हाळ्यात नळाचं पाणी दोन गुंड्यांच्या (हंड्यांच्या) वर येत नव्हतं. अर्ज झाले, टाकीवर बायकांचा मोर्चा झाला, उत्तर एकच, विहिरीला पाणी नाही. काकूंनी वेगळं केलं. सलग आठ दिवस पहाटे पाणी सुटलं की त्या पाइपलाइनच्या कडेने टाकीपासून टोलीपर्यंत चालत यायच्या. कोणत्या घरातून मोटरची घरघर येते ते पोराच्या वहीत लिहून घ्यायच्या. अकरा घरांनी नळाला पाणी ओढून घेणारे टिल्लू पंप लावले होते. त्यात एक घर त्यांच्या भासऱ्यांचं, म्हणजे मोठ्या दिरांचं.

ही बाई आजही भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. त्यांच्याशी थेट बोलणं नाहीच. मी दुधाचा डबा घेऊन तिथून चाललो होतो, म्हणून मला ऐकू आलं. मागच्या दारात उभ्या राहून त्या मोठ्या जावेला म्हणत होत्या, "बाई, पयले तुमची मोटर काढा. नाही तं मी दुसऱ्याच्या दारी कोन्या तोंडानं जाऊ?" त्या दिवाळीत दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मोटर मात्र निघाली.

मग विषय मासिक सभेत आला. बाकीचे मेंबर गप्प, कारण त्या अकरा घरांत त्यांचीही मतं होती. काकूंनी हट्ट धरला की विषय प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहा, आणि लिहिलेलं वाचून दाखवा. तोंडी बोललेलं मिटिंगबरोबर संपतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ठराव झाला, मोटरा निघाल्या, एक दिवस वरची आळी आणि एक दिवस टोली असा व्हॉल्व्ह फिरवायचं ठरलं. आज टोलीत सहा-सात गुंड्या भरतात. पुरेसं नाही, पण भरतात.

तुमच्या तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. एकट्या मेंबरच्या हातात ना चेक असतो ना शिक्का. आलेला निधीही मनासारखा वापरता येत नाही. 2021 नंतर पंधराव्या वित्त आयोगाकडून, म्हणजे केंद्राकडून, गावाला आलेल्या पैशातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते. म्हणून मेंबर "पैसा नाही" म्हणाला तर लगेच खोटा ठरवू नका. पण पाण्यासाठी पैसा नाही म्हणाला, तर ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर आपल्या गावाचा आराखडा उघडा आणि समोर ठेवून विचारा.

एक गोष्ट आपल्यावरही येते. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पाच-दहा जण बसून वर्षाची कामं ठरवतात. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. तिथे सगळं गाव बसून सर्वसहमतीने निर्णय घेतं, आणि 2009 साली त्यांनी आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. आमचं गाव तिथवर पोचलेलं नाही. काकू मात्र ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी टोलीत दारोदार फिरतात, "उद्या या वो बायांनो, नाही तं आपल्या नावानं दुसरेच बोलतीन." गेल्या सभेला आमच्या टोलीतून एकवीस बाया आल्या होत्या. मी मोजल्या.

तुमच्या मेंबरला भेटाल तेव्हा रस्ता कधी होणार हे नंतर विचारा. आधी विचारा, मागच्या मासिक सभेत तुम्ही कोणता विषय मांडला आणि तो प्रोसिडिंगमध्ये आहे का. ज्याने मांडला असेल तो तारखेसकट सांगेल.