भावाला जामीन राहिलो, आता मलाच कर्ज मिळेना

मागच्या अंकात घरकर्जाविषयी लिहिलं आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत ‘सिबिल’ आहेच, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल आणि त्यावरून ठरणारा गुणांक, स्कोअर. म्हणून या वेळचं पान त्यालाच देते. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. फाइल टेबलावर आली की पलीकडचा माणूस तिच्यात काय बघतो, ते वाचकांना माहीत असावं असं मला फार वाटतं.

प्रश्न : ताई, मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. आजवर एकच कर्ज घेतलं, मोटारसायकलचं, आणि तेही मुदतीआधी फेडलं. आता फ्लॅटसाठी 28 लाखांचं कर्ज मागितलं, तर स्कोअर 634 आहे म्हणून बँकेने फाइल परत केली. मी कुणाचा रुपया बुडवलेला नाही. चुलतभावाच्या टेम्पोच्या कर्जाला चार वर्षांपूर्वी जामीन राहिलो होतो, पण त्यातला पैसा मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याचा काही संबंध असेल का? घरात हा विषय काढायचा संकोच वाटतो. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : संबंध आहे, सर. तुम्ही प्रत पाठवलीत ते फार बरं केलंत, कारण नुसत्या 634वरून काहीच कळलं नसतं. स्कोअर 300 ते 900च्या मध्ये कुठेतरी असतो, जास्त तितका चांगला. तो का घसरला हे अहवालाच्या आतल्या पानांवर कळतं, आणि ती पानं कुणी उघडतच नाही.

तुमच्या अहवालात दोन खाती आहेत. मोटारसायकलचं खातं स्वच्छ, बंद झालेलं. दुसरं टेम्पोचं. त्याच्या मालकीच्या रकान्यात ‘गॅरंटर’ लिहिलंय. खाली महिन्यांच्या चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत हप्ता किती दिवस थकला तो आकडा. वेळेवर भरला असेल तर 000. मागच्या सप्टेंबरपासून तिथे असे आकडे दिसतात : 28, 59, 89, 29, 60, 88, 29.

हे आकडे मी कसे वाचते ते सांगते. सप्टेंबरचा हप्ता चुकला, ऑक्टोबरचा चुकला, नोव्हेंबरचाही. डिसेंबरात एकदम तीन हप्ते भरले, म्हणून 89चे 29 झाले. मग पुन्हा तेच, आणि मार्चात पुन्हा एकदम तीन. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्जांत, जातं. तुमचा भाऊ दोन्ही वेळा त्या रेषेच्या अगदी अलीकडे पैसे भरतोय. कर्ज बुडवायचं मनात असलेला माणूस असं करत नाही. त्याचं भाडं उशिरा हातात येत असणार आणि वसुलीची माणसं दारात येईपर्यंत तो ढकलत असणार. तुमच्या गावात कापडाच्या गाठी वाहणाऱ्याला व्यापाऱ्याकडून पैसे कधी मिळतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पण तुमच्या फाइलवर बसलेल्या अधिकाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला तुमच्या नावाखाली सात थकलेले महिने दिसतात. करार कायदा 1872चा. त्याच्या कलम 128प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळं काही ठरलं असेल तरच ती कमी होते. म्हणजे त्याने नाही भरलं तर अर्ध्याची जबाबदारी तुमची, असं नाही. सगळ्याचीच तुमची. आपल्याकडे जामीनकी मागताना ‘नुसती सही तर करायचीय’ असंच म्हणतात. ती सही करणारी शिक्षक, तलाठी, एसटीतली मंडळीच असतात, कारण त्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी असते. नात्यासाठी उभं राहणाऱ्या अशा माणसांना पुढे स्वतःच्या घरासाठी हात पसरावे लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कर्ज देणाऱ्याने जामीनदाराला पहिला हप्ता थकला त्याच दिवशी कळवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता करायचं काय? संकोच सोडा आणि भावाला ते पान दाखवा. आरडाओरडा न करता. तुमची फाइल यामुळे परत आली हे बहुधा त्याला माहीतही नसेल. मग दोघं मिळून कर्ज देणाऱ्या संस्थेत जा आणि हप्त्याची तारीख पुढे नेता येईल का ते विचारा. त्याचं भाडं महिन्याच्या 20 तारखेनंतर येत असेल तर 2 तारखेचा हप्ता चुकणारच. फक्त तारीख बदलून मागा. कर्जाची पुनर्रचना, म्हणजे हप्ता-मुदतच नव्याने ठरवून, मागायची असेल तर आधी नीट चौकशी करा, तिची स्वतंत्र नोंद अहवालात होते.

आज जी थकबाकी उरली आहे ती मात्र लगेच शून्यावर आली पाहिजे. भावाकडून झालं नाही तर तुम्ही भरा, पण रोख देऊ नका. तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि पावती जपा. जामीनदाराने भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून परत मागायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. जामीनकी मागे घेता येईल का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. आपल्या मनाने नाही. दुसरा जामीनदार किंवा तारण संस्थेने मान्य केलं तरच.

1 जानेवारी 2025पासून बँका आणि वित्तसंस्थांना किमान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते. त्यामुळे थकबाकी भरलीत की नवा आकडा लवकर दिसेल. मागचे सात मात्र पुसले जाणार नाहीत. चौकटी 36 महिन्यांच्या असतात आणि ती नोंद खरी आहे, खरी नोंद कुणालाच काढता येत नाही. सहा महिने सलग 000 येऊ द्या आणि मग अर्ज करा. तोवर चार बँकांत फॉर्म भरू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि पाठोपाठच्या चौकश्या बघून पुढचा अधिकारी हात आखडता घेतो. पुढच्या अर्जासोबत एक साधं पत्र जोडा : हे खातं माझं नाही, मी जामीनदार आहे, थकबाकी अमुक तारखेला भरली, पावती सोबत आहे. असं पत्र जोडलेली फाइल मी नेहमी दुसऱ्यांदा वाचत असे.

प्रश्न : माझी मुलगी 23 वर्षांची, पहिलीच नोकरी. सहज अहवाल काढला तर त्यात 18,000 रुपयांचं एक वैयक्तिक कर्ज निघालं. तिने असं कर्ज घेतलेलंच नाही. संस्थेचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही. तीन हप्ते थकलेले दाखवतात. भरून टाकावं का, म्हणजे कटकट मिटेल? — एक पालक, चिपळूण

उत्तर : भरू नका. भरलंत तर ते कर्ज तिचंच होतं हे तुम्ही कबूल केल्यासारखं होईल.

आधी अहवालातला चौकश्यांचा भाग काढा. कर्ज देण्यापूर्वी त्या संस्थेने मुलीचा अहवाल मागवला असेल तर त्याची तारीख तिथे सापडेल. त्या सुमारास तिने पॅन आणि आधारची प्रत कुठे दिली होती? भाड्याच्या खोलीसाठी, सिमसाठी, नोकरी लावून देणाऱ्या कुणाला? हे आठवलं तर पोलिसांना उपयोग होईल. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेला ईमेल करा : करार, केवायसीची कागदपत्रं आणि पैसे कोणत्या खात्यात गेले त्याचा तपशील द्या. पैसे मुलीच्या खात्यात आलेच नसतील तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

ज्या कंपनीने अहवाल दिला तिच्याकडेही लेखी हरकत घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. देशात अशा कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतो, पण चुकीची नोंद एकीकडे दुरुस्त झाली आणि दुसरीकडे राहिली असंही होतं, म्हणून चौघांचे अहवाल काढा. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024पासून लागू आहे. 100 रुपये म्हणजे काय मोठे, असं वाटेल. पण घड्याळ सुरू आहे हे तक्रारीत लिहिलंत की उत्तर लवकर येतं. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, माहितीसाठी फोन 14448.

आणि यापुढे आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेलीच द्या. ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येते.

प्रश्न : मी येवल्याला पैठणी विणते. मिस्टर गेल्यापासून घर माझ्यावर आहे. दुसरा माग घ्यायला दोन लाख हवेत. बँकेत म्हणाले, तुमचा स्कोअरच नाही, ‘एनएच’ येतंय. आयुष्यात उधार केलं नाही, बचत गटाचं कर्जही वेळेवर फेडलं, त्याचं हे फळ का? एक जण म्हणतो, आधी हप्त्यावर मोबाइल घ्या, मग स्कोअर तयार होईल. — एक विणकर भगिनी

उत्तर : ताई, एनएच म्हणजे वाईट स्कोअर नव्हे. तुमच्या नावावर कर्जाची नोंदच नाही, इतकाच त्याचा अर्थ. हा अहवाल फक्त उधारी ओळखतो. तुमची बँकेतली ठेव, अंगावरचं सोनं, विम्याचे वर्षानुवर्षं भरलेले हप्ते, वीजबिल, यातलं त्यात काही नसतं. गटाचं कर्ज गटाच्या नावावर असतं, त्यामुळे प्रत्येक सदस्येच्या नावावर ते दिसेलच असंही नाही. तुमची पत आहे, ती फक्त या कागदावर नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. सरकारनेही ऑगस्ट 2025मध्ये लोकसभेत त्याचा उल्लेख केला. शाखेत हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा.

मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात 50 हजार ते 5 लाखांपर्यंत कर्ज बसतं, तारण लागत नाही. जाताना वर्षभराचं बँक स्टेटमेंट, गटाचं पासबुक आणि परतफेडीची नोंद, ज्या दुकानदाराला पैठणी देता त्याच्या पावत्या आणि मागाचं कोटेशन न्या. एक पैठणी विणायला किती दिवस लागतात, रेशीम-जरीला किती जातात, हातात किती उरतात, हे एका कागदावर लिहून न्या. मोबाइल घेऊ नका. गरज नसताना घेतलेला हप्ता हा दुसऱ्या मागातून काढलेला पैसा आहे.

प्रश्न : कार्डाचे 84,000 थकले होते. वसुलीवाल्यांनी 45,000वर तोड केली, मी भरले, पत्रही मिळालं. तरी अहवालात ‘सेटल्ड’ का? — एक वाचक, अकोला

उत्तर : कारण 39,000 सोडले गेले. पूर्ण फेडलेलं खातं ‘क्लोज्ड’ दिसतं, तडजोडीचं ‘सेटल्ड’, आणि पुढच्या बँकेला त्यातून कळतं की या माणसाकडे कुणीतरी पैसे सोडले आहेत. त्या वेळी तुमच्या घरात आजारपण होतं असं तुम्ही लिहिलंय. तसं असताना तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. आता परिस्थिती सुधारली असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी विचारा : उरलेली रक्कम भरली तर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवाल का? होकार कागदावर आल्याशिवाय पैसे भरू नका.

प्रश्न : एक एजंट 5,000 रुपयांत स्कोअर 750च्या वर नेऊन देतो म्हणतो. द्यावे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता, आणि बरोबर नोंद त्याच्या बापाला बदलता येणार नाही. त्याला पॅन किंवा ओटीपी दिला असेल तर आजच स्वतःचा अहवाल काढा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.