देवमासा होडीपाशी का येतो?

प्रश्न : मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ एक अजस्र देवमासा लहानशा होडीला खेटून थांबतो आणि होडीतील माणसे त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, अशी चित्रफीत नुकतीच पाहण्यात आली. हे प्राणी शिकवलेले असतात काय? की त्यांना खाणे टाकून जवळ बोलावले जाते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्हींपैकी काहीच नाही. आपण वर्णन केलेले दृश्य बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातील सान इग्नासिओ या उथळ खाडीत दर हिवाळ्यात पाहायला मिळते आणि तिथे येणारे करडे देवमासे पूर्णपणे रानटी असतात. अलास्कालगतच्या बेरिंग आणि चुक्ची समुद्रांतून ते हजारो किलोमीटर पोहत खाली येतात. जाऊन-येऊन हा प्रवास १६,००० किलोमीटरांहून अधिक भरतो. खाण्याचे आमिष दाखवायचे म्हटले, तरी ते उपयोगी पडणारे नाही, कारण त्यांचे अन्न म्हणजे उत्तरेकडील समुद्राच्या तळाशी चिखलात राहणारे बारीक कवचधारी जीव. खाडीतील मुक्कामात ते जवळजवळ उपाशीच असतात, आणि अशा अवस्थेतही आई सुमारे साडेचार मीटर लांबीच्या नवजात पिल्लाला अतिशय स्निग्ध दूध पाजत असते.

याच प्राण्याला एकोणिसाव्या शतकातील शिकारी ‘सैतान मासा’ म्हणत. (आपल्या भाषेने त्याच्या कुळाला ‘देवमासा’ म्हणावे, ही गंमत आहे.) चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकी कप्तान १८५७-५८ च्या हिवाळ्यात ओहो दे लिएब्रे या जवळच्याच खाडीत आपले जहाज घेऊन शिरला आणि त्यानंतर या प्रसूतिस्थानांमध्ये कत्तल सुरू झाली. आई जवळ यावी म्हणून पिल्लालाच भाला मारण्याची रीत होती, तेव्हा पिसाळलेल्या आईने शेपटीच्या तडाख्याने होड्या फोडल्या, यात सैतानीपणा कसला? तरीही ही कुप्रसिद्धी एवढी टिकली, की शिकार बंद होऊन कित्येक दशके उलटल्यावरही स्थानिक मच्छीमार या माशापासून आपली होडी दूर ठेवत असत.

१९७२ मध्ये फ्रान्सिस्को मायोराल हा मच्छीमार एका साथीदारासह सान इग्नासिओत मासेमारी करीत असताना एक देवमासा त्यांच्या होडीलगत वर आला आणि काही केल्या दूर जाईना. बराच वेळ भीतीने जीव मुठीत धरून बसलेल्या मायोरालने अखेर हात पुढे करून त्याला स्पर्श केला आणि काहीही विपरीत घडले नाही. त्यानंतरच्या वर्षांत असे जवळ येणारे देवमासे वाढत गेले.

ते का येतात, याची कारणे एकाहून अधिक सांगितली जातात. होडीच्या इंजिनाची मंद घरघर त्यांना आकर्षित करीत असावी, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणूनच तिथले नावाडी इंजिन बंद न करता गिअर काढून तसेच चालू ठेवतात. त्यांच्या अंगावर कवचधारी जीव आणि उवांसारखे परजीवी चिकटलेले असल्यामुळे घासून घेणे त्यांना सुखावत असावे. शिवाय पिल्लांचे कुतूहल असतेच, आणि कधीकधी आई स्वतः पिल्लाला खालून उचलून होडीकडे ढकलताना दिसते. देवमाशांनी माणसाला क्षमा केली, असे पर्यटकांना सांगितले जाते, ते मला मात्र पटत नाही. पिल्लावर कोणी भाला रोखत नसेल, तर आईने होडी फोडण्याचे कारणच उरत नाही, एवढे साधे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटते.

प्रश्न : अशी सलगी त्यांना अपायकारक ठरत नाही काय? (त्याच वाचकाचा पुढील प्रश्न)

उत्तर : शंका रास्त आहे. हाच देवमासा वसंत ऋतूत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे जातो, तेव्हा त्याच्यापासून सुमारे ९० मीटर दूर राहावे, अशी अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना आहे. सान इग्नासिओत स्पर्शाला वाव मिळतो, पण तो नियमांच्या चौकटीत. परवानाधारक होड्याच जाऊ शकतात, त्यांची एका वेळची संख्या आणि थांबण्याचा अवधी ठरलेला असतो, आणि पिल्लांचा जन्म होतो तो खाडीचा आतला भाग होड्यांना बंद असतो. देवमाशाजवळ यायचे की नाही, हे त्यानेच ठरवायचे, हे या व्यवस्थेचे मर्म आहे आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

खरा धोका स्पर्शापेक्षा वेगळाच आहे. या खाडीकाठी प्रचंड मिठागर उभारण्याचा, जपानच्या मित्सुबिशी कंपनीचा सहभाग असलेला प्रकल्प मोठ्या विरोधानंतर मार्च २००० मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष अर्नेस्तो सेदियो यांनी रद्द केला. ते संकट टळले; परंतु उत्तरेकडील अन्नच घटू लागल्यावर खाडीतील नियम काय करणार? पूर्व पॅसिफिकमधील या देवमाशांची संख्या २०१६ च्या सुमारास अंदाजे २७,००० होती, ती २०२३ पर्यंत १४,५०० च्या आसपास उतरली.

प्रश्न : आमच्याकडे डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांनाही असे करता येईल काय? (एक वाचक, दापोली)

उत्तर : स्पर्शाची अपेक्षा ठेवू नये. कोकण किनाऱ्यावरचे डॉल्फिन पाठलाग करणाऱ्या होडीपासून दूर जातात, आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही आहे. कळप दिसताच चार होड्यांनी चहूबाजूंनी धावायचे, ही पद्धत मात्र आजच सोडता येईल. तांडेलाला वेग कमी करून अंतरावर थांबायला सांगावे आणि कळप निघून गेला, तर त्याच्या मागे जाऊ नये.