बावीस ऑगस्टची वाट बघताना

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेलो की 22 ऑगस्टला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंडची रग्बी कसोटी आहे, त्या आठवड्यात माझ्याकडून लेखाची अपेक्षा ठेवू नका. त्यावर पत्रांचा गठ्ठाच आला. 2015 ते 2024 मी जोहान्सबर्गला एका छापखान्यात हिशेब पाहायचो. रग्बीचं माझं शिक्षण तिथल्या जेवणाच्या सुट्टीत झालेलं आहे. तेव्हा उत्तरं तेवढ्याच योग्यतेची समजावीत.

हे दोन संघ दरवर्षी एकमेकांशी खेळतातच. मग या वेळी एवढा गाजावाजा कशाला?
— एक शंकेखोर वाचक

शंका रास्त आहे. रग्बी चॅम्पियनशिपमध्ये ते भेटतात, पण ती उभ्या उभ्या भेट असते. या वेळी ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा संघ, मुक्कामाला येतायत. स्टॉर्मर्स, शार्क्स, बुल्स आणि लायन्स या चार स्थानिक संघांशी सामने आणि स्प्रिंगबॉकशी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाशी, चार कसोट्या. पहिली एलिस पार्कला, दुसरी 29 ऑगस्टला केपटाउनला, तिसरी पुन्हा जोहान्सबर्गला आणि चौथी 12 सप्टेंबरला थेट अमेरिकेत, बाल्टिमोरला. (ही चौथी कशासाठी ते मला विचारू नका. पैसा जिकडे बोलावतो तिकडे चेंडू जातो.) व्यावसायिक रग्बी आल्यावर असे लांबलचक दौरे जवळजवळ बंद पडले होते.

आणि या दोघांचं वैर मालिकांमध्येच मुरलेलं आहे. 1921 मध्ये पहिली मालिका न्यूझीलंडमध्ये झाली, ती बरोबरीत सुटली. 1928 पासून न्यूझीलंडवाले दक्षिण आफ्रिकेत जायला लागले, 1949 मध्ये तर चारही कसोट्या हरून परतले. तिथं जाऊन मालिका जिंकायला त्यांना 1996 साल उजाडलं. आजवरच्या दहा विश्वचषकांपैकी सात या दोघांकडे आहेत, चार दक्षिण आफ्रिकेकडे आणि तीन न्यूझीलंडकडे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंड 24-17 असं जिंकलं. आठच दिवसांनी वेलिंग्टनला त्यांनी 43-10 असा मार खाल्ला. एवढ्या मोठ्या फरकानं ऑल ब्लॅक्स आधी कधीही हरले नव्हते. तेव्हा यंदा हिशेब चुकता करायला येणार ते पाहुणे.

मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचं ठरवलं तर कुठली?
— एक कॉलेज विद्यार्थिनी

स्क्रम. बाकीचं पाच मिनिटांत सांगून होतं: चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी दोन. पेनल्टी किकचे तीन. खेळ ऐंशी मिनिटांचा.

स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून वाकतात. पंच तीन हुकूम देतो. ‘क्राउच’ म्हणजे वाका, ‘बाइंड’ म्हणजे समोरच्याची जर्सी पकडा, ‘सेट’ म्हणजे भिडा. दोन्ही बाजूंचं मिळून दीड टनाहून जास्त वजन एकमेकांवर आदळतं. मी एकदा मैदानालगतच्या रांगेत बसून तो आवाज ऐकलाय. ओल्या सिमेंटची पोती ट्रकमधून खाली टाकल्यासारखा. मग क्षणभर काहीच होत नाही असं वाटतं, फक्त सोळा जणांच्या पाठींवरून वाफ निघत असते. तेवढ्यात एका बाजूचा कोपरा बोटभर मागे सरकतो. चेंडूवर डोळे असतील तर हे दिसणार नाही, म्हणून बूट बघा. ज्यांचे बूट माती उकरत मागे घसरतायत, त्यांच्यावर पंचाचा हात वर होण्याची वेळ जवळ आलेली असते. तीन गुण गेले. आणि हे या दोघांच्या सामन्यात पुन्हा पुन्हा होतं.

दुसरं म्हणजे पन्नासाव्या मिनिटाच्या सुमारास सीमारेषेकडे बघा. राखीव खेळाडू आठ असतात आणि बहुतेक संघ त्यांत पाच फॉरवर्ड (स्क्रममध्ये भिडणारे) आणि तीन बॅक (मागे राहून पळणारे) ठेवतात. दक्षिण आफ्रिकेनं 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला होता. ताज्या दमाचे हे दांडगे एकदम आत येतात, त्यांना ‘बॉम्ब स्क्वॉड’ म्हणतात. रॅसी इरॅस्मस या प्रशिक्षकाची ही चाल. अनेकांना ती खेळाच्या मुळावर उठलेली वाटते. मला ती आवडते. नियमात बसतं ते नियमात बसतं.

दक्षिण आफ्रिकेतच, विशेषतः केपटाउनला, खूप लोक न्यूझीलंडचा जयजयकार करतात असं वाचलं. आपल्याच देशाविरुद्ध? हा काय प्रकार आहे?
— एक निवृत्त शिक्षक

सर, याचं उत्तर मला छापखान्यातल्या मशीनवरच्या एका गृहस्थानं दिलं. केपटाउनचा माणूस, साठी उलटलेला, तिथल्या भाषेत ‘कलर्ड’, म्हणजे मिश्र वंशाच्या, समाजाचा. कसोटीच्या आदल्या शुक्रवारी तो डांगरीच्या आत न्यूझीलंडची काळी जर्सी घालून यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत वरची दोन बटणं उघडायचा, बस, तेवढीच काळी पट्टी दिसेल इतपत. पहिल्या वर्षी मीही त्याला तुमच्यासारखंच विचारलं.

तो म्हणाला, “माझा बाप 1970 ला न्यूलँड्सवर उभा होता.” न्यूलँड्स म्हणजे केपटाउनचं रग्बी मैदान. उभा, कारण वर्णभेदाच्या त्या काळात गौरेतर प्रेक्षकांना वेगळा कोपरा असायचा. स्प्रिंगबॉकच्या जर्सीत फक्त गोरे. ज्या संघात आपल्याला जन्मात जागा मिळणार नाही, त्याच्यासाठी ओरडायचं कशाला? म्हणून त्या कोपऱ्यातून पाहुण्यांसाठी आरोळ्या उठायच्या. रॉबेन बेटावरचे राजकीय कैदीही पाहुण्या संघाच्याच बाजूनं असत.

1970 च्या त्या दौऱ्याला आणखी एक अर्थ होता. त्याआधी, 1960 मध्ये, यजमानांच्या हट्टापुढे मान तुकवून न्यूझीलंडनं एकही माओरी (म्हणजे तिथला मूळनिवासी) खेळाडू न घेता संघ पाठवला होता. ‘माओरी नाहीत तर दौराही नाही’ म्हणत त्यांच्याच देशात लोक रस्त्यावर उतरले होते. दहा वर्षांनी माओरी आणि सामोअन वंशाचे खेळाडू आले खरे, पण सरकारनं त्यांना ‘मानद गोरे’ ठरवून आत घेतलं! कागदावर काहीही असो, कोपऱ्यातल्या लोकांना आपल्यासारख्या रंगाची माणसं मैदानावर धावताना दिसली. न्यूलँड्सची ती कसोटी न्यूझीलंडनं 9-8 अशी जिंकली. माझ्या सहकाऱ्याच्या घरात काळा रंग तेव्हापासून आहे.

पुढे गोष्टी फार चिघळल्या. 1976 मध्ये जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या चालल्या, त्यानंतर काहीच दिवसांत न्यूझीलंडचा संघ तिथं दौऱ्यावर गेला आणि त्याच्या निषेधार्थ आफ्रिकी देशांनी माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. 1981 मध्ये स्प्रिंगबॉक न्यूझीलंडला गेले तेव्हा तो देश उभा दुभंगला. हॅमिल्टनला निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द झाला. ईडन पार्कवरच्या शेवटच्या कसोटीत तर छोट्या विमानातून मैदानावर पिठाच्या पिशव्या टाकल्या, एक न्यूझीलंडच्याच प्रॉपला (स्क्रमच्या पहिल्या रांगेतल्या गड्याला) लागली. ती तारीख 12 सप्टेंबर. बाल्टिमोरची कसोटी बरोबर पंचेचाळीस वर्षांनी त्याच तारखेला येतेय. आयोजकांनी हे पाहिलं असेल असं वाटत नाही.

1995 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला मंडेला स्प्रिंगबॉकची सहा नंबरची हिरवी जर्सी घालून एलिस पार्कवर आले. माझा सहकारी सांगायचा, “त्या दिवशी मी हिरव्यांसाठी टाळ्या वाजवल्या. पण जर्सी बदलली नाही.” त्या संघात गौरेतर खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. 2018 मध्ये सिया कोलिसी स्प्रिंगबॉकचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला आणि या माणसाचा मुलगा दुसऱ्याच दिवशी हिरवी जर्सी घेऊन घरी आला.

2023 चा अंतिम सामना मी त्यांच्या घरी पाहिला. सोफ्याच्या एका टोकाला काळा बाप, दुसऱ्या टोकाला हिरवा मुलगा, मध्ये मी आणि शेंगदाण्यांचा वाडगा. 12-11 असताना जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी खांबाबाहेर गेली. मुलानं उडी मारली नाही. आधी त्यानं बापाकडे पाहिलं. बापानं वाडगा उचलून त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाला, “खा. अजून संपलं नाही.” संपलंच होतं खरं तर.

तेव्हा सर, 29 ऑगस्टला केपटाउनच्या स्टँडमध्ये काळे ठिपके दिसले तर ते सगळे ऑकलंडहून आले असतील असं समजू नका.

1995 च्या अंतिम सामन्याआधी न्यूझीलंडच्या खेळाडूंवर विषप्रयोग झाला होता, हे खरं का?
— रहस्यकथांची चाहती

खेळाडू पोटानं हैराण झाले होते, हे खरं. ते कुणी मुद्दाम केलं, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. ‘सूझी’ नावाच्या वेट्रेसनं ते केलं, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. मला विचाराल तर जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीनं मारलेला ड्रॉप गोल (चेंडू हातातून जमिनीवर सोडून उसळताच खांबांमधून मारायची किक, तीन गुण) जास्त पचायला जड आहे. 15-12, आणि दक्षिण आफ्रिकेचे पंधराच्या पंधरा गुण त्या एकट्याचे.

हाका चालू असताना समोरच्या संघानं काय करायचं असतं?
— एक शाळकरी वाचक

हाका म्हणजे सामन्याआधी ऑल ब्लॅक्स करतात तो माओरी नाच. तो उभं राहून बघायचा. डोळे वळवायचे नाहीत. ‘का माते’ हा हाका सगळ्यांना माहीत आहे, पण ‘कापा ओ पांगो’ हा नवा हाका ऑल ब्लॅक्सनी 2005 मध्ये डनेडिनला पहिल्यांदा केला, तो याच दक्षिण आफ्रिकेसमोर. सामना 31-27 असा जिंकलाही. 2024 ला एलिस पार्कवर आकडे तेच होते, 31-27, फक्त जिंकणारे दुसरे.

आता सरळ सांगा, कोण जिंकेल?
— पैज लावून बसलेले दोघं भाऊ

पैज लावलीत ते मला आवडलेलं नाही, तरी सांगतो. एलिस पार्कला दक्षिण आफ्रिका, सात गुणांच्या आत. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसतराशे मीटर उंचीवर आहे. पाहुण्यांना तासाभरानंतर श्वास पुरत नाही, आणि नेमका तेव्हाच बॉम्ब स्क्वॉड आत येतो. न्यूझीलंडनं सुरुवातीला दहा गुणांची आघाडी घेतली तरी मी मत बदलणार नाही. 2024 ला 27-17 असे ते पुढे होते तेव्हा पार्किंगची गर्दी टाळायची म्हणून मी उठून जिन्यापर्यंत पोचलो होतो. यजमानांचे शेवटचे दोन ट्राय मी एका खांबाआडून, दोन अनोळखी माणसांच्या काखेतून पाहिले.

या वेळी शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलंय. तिकीट मात्र पुन्हा जिन्याजवळचंच मिळालंय.